काळवथर, जांभा आणि मंदावणारी लहर : एका दगड-तपासणीचा अनुभव

कोकणातले दगड प्रयोगशाळेत देऊन त्यांतून कंपनांच्या लहरी किती वेगाने जातात आणि दगड किती कमकुवत झालाय हे काढून घ्यायचं असेल, तर सुरुवातीला फार गोंधळायला होतं. कोणता नमुना घ्यायचा, किती घ्यायचा, कोरडा तपासायचा की भिजवून, पत्रात काय लिहायचं, हे कुणी एका जागी सांगत नाही. ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात आम्ही हे काम पूर्ण केलं. ते ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने इथे लिहून ठेवतो आहोत.

जागा रत्नागिरीच्या दक्षिणेकडच्या एका सड्याचा, म्हणजे कातळी पठाराचा, समुद्राकडचा उतार. वर जांभ्याचा कातळ, खाली काळवथर, म्हणजे बेसॉल्ट, आणि दोघांच्या मध्ये पांढुरकी-जांभळट चिकण माती. उताराच्या पायथ्याशी रस्ता आणि वस्ती. उतारावर हातोडा आणि जिओफोन (जमिनीतली कंपनं टिपणारं उपकरण) घेऊन भूकंपीय सर्वेक्षण व्हायचं होतं. पण जमिनीत मोजलेला वेग एकटा काही बोलत नाही. ताज्या, न भेगाळलेल्या त्याच दगडाचा वेग शेजारी ठेवला तरच जमिनीतला कातळ किती खिळखिळा झालाय हे कळतं. म्हणून प्रयोगशाळा.

चिरेखाणीवरचा माणूस हे काम कानाने करतो. चिरा उचलला की हातोडीच्या दांड्याने एक टोला देतो. खणखणीत वाजला तर रचायला घेतो, बद्द वाजला तर बाजूला टाकतो. बद्द वाजणाऱ्या चिऱ्यात वरून भेग दिसतेच असं नाही. प्रयोगशाळेत होतं ते तत्त्वाने हेच, फक्त टोला सेकंदाला लाखो कंपनांचा असतो आणि कानाच्या जागी घड्याळ असतं.

ऑक्टोबर गेला कागदात. जमीनमालकाची लेखी संमती, ग्रामपंचायतीला पत्र, आणि दगड हे गौण खनिज असल्यामुळे जिल्ह्याच्या खनिकर्म शाखेकडे अर्ज. अर्जात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: नमुने तपासणीसाठी आहेत, विक्रीसाठी नाहीत, एकूण वजन किती, कोणत्या गट क्रमांकातून. आमच्या पहिल्या अर्जात वजन नव्हतं म्हणून तो परत आला आणि १९ दिवस वाया गेले. वजन आधी काढता येतं. काळवथराचा घन सेंटीमीटरला सुमारे २.८५ ग्रॅम धरा. म्हणजे ३० सेंटीमीटर बाजूचा ठोकळा ७७ किलोचा होतो, आणि तो दोन माणसांनाही उतारावरून आणवत नाही. १५ × १५ × २० सेंटीमीटरचा ठोकळा पावणेतेरा किलोचा. त्यातून ५४ मिलिमीटर व्यासाचे दोन कोर, म्हणजे दगडात भोक पाडून काढलेले दंडगोल, सुखाने निघतात, चार ओढूनताणून. आम्ही याच मापाचे ठोकळे घ्यायचं ठरवलं. जागा वनखात्याच्या हद्दीत असेल तर त्यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते, हेही आधीच पाहून घ्या.

भरतीरेषेखालचा काळवथर हवा होता, कारण उताराच्या पायथ्याचा दगड रोज खाऱ्या पाण्यात भिजतो. त्यासाठी भांगाच्या दिवसांत जाऊन उपयोग नाही, पाणी पुरेसं मागे हटत नाही. उधाणाची ओहोटी धरावी लागते. त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, १६ नोव्हेंबरला उजाडता उजाडता आम्ही खडकावर होतो, आणि कामाला जेमतेम दीड तास मिळाला. सुट्टा पडलेला धोंडा उचलायचा मोह होतो, तो टाळा. लाटांनी आपटून आपटून त्यात नव्या भेगा पडलेल्या असतात. जागेवरचा, पक्का बसलेला दगड छिन्नी आणि पाचरीने काढा. घणाचे घाव घालून काढलात तर घावाभोवतीचा दोन-तीन सेंटीमीटरचा भाग नंतर कापून टाकावा लागतो. काढण्यापूर्वी दगडावर ऑइलपेंटने दोन बाण रंगवा, एक वरच्या दिशेचा, एक उत्तरेचा, आणि फोटो घ्या. लहरीचा वेग दिशेप्रमाणे बदलतो, आणि दगड एकदा पेटीत गेला की वर-खाली कुणालाच सांगता येत नाही.

एकूण तीन तऱ्हांचा माल जमा झाला: ताजा काळवथर, त्याच थराचा तपकिरी पडलेला झिजका काळवथर, आणि सड्यावरचा जांभा. चौथा नमुना मुद्दाम लांबून आणला. सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागात बेसॉल्टच्या खालचा जुना ग्रॅनाइटी नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) उघडा पडतो, त्याचे दोन ठोकळे. कशासाठी ते पुढे येईल.

पाठवणीला आंब्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या उत्तम. नोव्हेंबरात त्या पडूनच असतात. तळाशी पेंढा, दगड जुन्या गोणपाटात, फटींत पुन्हा पेंढा, वरून लोखंडी पट्टी. एका पेटीत एकच ठोकळा. पेटीवरचा नंबर आणि दगडावरचा नंबर एकच ठेवा आणि यादीची एक प्रत पेटीच्या आत प्लॅस्टिकमध्ये टाका.

प्रयोगशाळेचं नाव इथे देत नाही. दर आमच्या वेळी असे होते: कोर काढणं नगाला ३५० रुपये, टोकं घासून सपाट करणं १५०, लहरीचा वेग एका अवस्थेसाठी ६००, दाबाखाली फोडणं ८००, आणि वर १८ टक्के जीएसटी. ‘एका अवस्थेसाठी’ हे शब्द नीट वाचा. कोरडा वेगळा, भिजवलेला वेगळा, तापवलेला वेगळा. आम्ही पहिल्या मागणीपत्रात फक्त ‘वेग मोजणे’ एवढंच लिहिलं होतं. त्यांनी नमुने जसे आले तसे, पेटीतून काढून, ना धड ओले ना धड कोरडे असे मोजले. ते आठ आकडे आम्हाला टाकून द्यावे लागले. चूक त्यांची नव्हती, पत्र आमचं अपुरं होतं.

अवस्था एवढी महत्त्वाची का, ते इथेच सांगायला हवं. दगडाला कमकुवत करतात त्या मुख्यतः बारीक भेगा, मोठी भोकं नव्हेत. काळवथरात वायूचे बुडबुडे राहून झालेल्या गोल पोकळ्या असतात. त्या डोळ्यांना मोठ्या दिसतात, पण गोल आकार कमानीसारखा भार पेलतो आणि लहर त्याला वळसा घालून निघून जाते. उलट लांबीच्या हजाराव्या भागाइतकी जाड असलेली चपटी भेग जागा जवळजवळ घेतच नाही, पण तिच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटलेल्या असतात, त्यामुळे दगड तिथे मऊ पडतो. अशी भेग बंद करायला लागणारा दाब म्हणजे ढोबळमानाने दगडाचा ताठरपणा गुणिले भेगेची जाडी-लांबी यांचं प्रमाण. ७० गिगापास्कल ताठरपणाच्या दगडात हजारास एक प्रमाणाची भेग ७० मेगापास्कलच्या आसपास मिटते. भूभौतिकशास्त्रज्ञ फ्रान्सिस बर्च यांनी १९६० मध्ये दहा किलोबारपर्यंत (एक किलोबार म्हणजे १०० मेगापास्कल) दाब देऊन दगडांतले वेग मोजले, तेव्हा पहिल्या एक-दोन किलोबारमध्येच वेग झपाट्याने चढतो आणि मग वक्र सपाट होतो हे स्पष्ट झालं. सुरुवातीची ती चढण म्हणजे मिटत जाणाऱ्या भेगा. आपला नमुना टेबलावर असतो, दाब शून्य, सगळ्या भेगा उघड्या. त्यात हवा आहे की पाणी, यावर आकडा फिरतो.

डिसेंबरात कोर निघाले. ताजा काळवथर सुरेख निघाला. झिजक्या काळवथराचे सातांपैकी तीन कोर तुटले. जांभा तर ड्रिलच्या बिटच्या पाण्यानेच विरघळल्यासारखा झाला. चिकण माती धुऊन जाते आणि हातात जाळी उरते. जांभ्याचा कोर काढायच्या फंदात पडू नका. चिरा कापायच्या मशीनने कोरडाच १५ सेंटीमीटरचा घन कापून घ्या. हे आम्ही खाणीवरूनच करून आणलं, घनाला ६० रुपये पडले.

टोकं घासणं हे कंटाळवाणं काम आहे आणि याच्यावरच सगळं उभं आहे. टोक ०.०२ मिलिमीटरच्या आत सपाट हवं. दगड व्ही आकाराच्या ठोकळ्यावर आडवा ठेवून डायल गेज फिरवला की लगेच कळतं. टोक फुगीर असेल तर ट्रान्सड्यूसर, म्हणजे लहर सोडणारी आणि टिपणारी डबी, डुगडुगतो आणि वेळ जास्त येते. पुढे दगड दाबून फोडायच्या प्रेसमध्ये तोच फुगवटा भार एका जागी गोळा करतो आणि दगड लवकर फुटतो. एकाच चुकीने वेगही कमी, ताकदही कमी, आणि वाचणाऱ्याला वाटतं दगडच वाईट. काळवथरासाठी लांबी व्यासाच्या दुप्पट ठेवली, ११० मिलिमीटर.

भरतीरेषेखालच्या दगडातलं मीठ काढणं बाकी होतं. मीठ आत ठेवून वाळवला तर स्फटिक वाढताना स्वतःच भेगा पाडतात आणि आपण त्या निसर्गाच्या नावावर लिहितो. कोर गोड्या पाण्याच्या बादलीत, रोज पाणी बदलायचं. बादलीतलं थोडं पाणी परीक्षानळीत घेऊन सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकायचा. पहिल्या दिवशी थेंब पडताच दूध सांडल्यासारखा पांढरा ढग उठला. रोज तो विरळ होत गेला. अकराव्या दिवशी नळी स्वच्छ राहिली. त्यातले शेवटचे दोन दिवस डिस्टिल्ड पाण्यात, कारण नळाच्या पाण्यातही क्लोराइड असतं आणि शेवटची खूण त्यामुळे फसते.

वाळवणं. काळवथर आणि नाइस १०५ अंशांवर २४ तास, मग दर चार तासांनी वजन, वजन हलेनासं होईपर्यंत. जांभ्याला हे तापमान देऊ नका. त्यातल्या काही चिकणमाती-खनिजांच्या थरांतलं पाणी कमी उष्णतेलाही निघून जातं आणि पुन्हा भरत नाही; माती आकसते, नव्या भेगा पडतात. आम्ही जांभा ६० अंशांवर ठेवला. त्याला सहा दिवस लागले. प्रयोगशाळेच्या माणसाला हे तोंडी सांगून पुरत नाही, नमुना नोंद करायच्या फॉर्मवर लिहून द्या आणि भट्टीच्या दारावर चिठ्ठी लावायला सांगा.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मोजणी सुरू झाली. काळवथरासाठी ५०० किलोहर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला पाच लाख कंपनांचे, ट्रान्सड्यूसर वापरले. काँक्रीट तपासायच्या यंत्राबरोबर ५४ किलोहर्ट्झचे येतात. काळवथरात त्यांच्या लहरीची लांबी दहा सेंटीमीटरच्या जवळ जाते, म्हणजे ११० मिलिमीटरच्या कोरमध्ये एकच लहर मावते. अशा मोजणीला अर्थ नाही. ५०० किलोहर्ट्झला ती एक सेंटीमीटर होते. जांभ्यात मात्र उलटा प्रश्न आला: ५०० किलोहर्ट्झची लहर पलीकडे पोचेचना, भोकांत विखरून विझली. तिथे ५४ चाच उपयोग झाला, आणि घन १५ सेंटीमीटरचा असल्यामुळे त्यात चार लहरी बसल्या. दगड जितका खराब तितका नमुना मोठा आणि कंपनं संथ, हे गणित आधीच धरलं तर फेरी वाचते.

रोज पहिलं काम शून्य काढायचं. दोन्ही ट्रान्सड्यूसर समोरासमोर चिकटवून जी वेळ येते ती यंत्राची स्वतःची. आमची ०.८ मायक्रोसेकंद होती. ताज्या काळवथराच्या एका कोरची वाचलेली वेळ २०.८, वजा ०.८, उरले २०.०. ११० मिलिमीटर भागिले २० मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाला ५,५०० मीटर. शून्य वजा केलं नसतं तर ५,२८८ आले असते, चार टक्के कमी. भेगांचा परिणामही कधीकधी एवढाच असतो.

पी-लहरीसाठी, म्हणजे दगडाला पुढेमागे दाबत जाणाऱ्या लहरीसाठी, ट्रान्सड्यूसर आणि दगडाच्या मध्ये व्हॅसलीनचा पातळ थर पुरतो. एस-लहरीचं तसं नाही. ती दगडाला आडवं हलवते, आणि व्हॅसलीन त्या हलण्याला धरून ठेवत नाही, घसरतं. तिथे घट्ट, चिकट पदार्थ लागतो. मध चालतो. आम्ही काकवी आटवून वापरली. बोटाने ओढली की तार सुटावी इतपत घट्ट. लावल्यावर वर वजन ठेवून दहा मिनिटं बसू द्या, मग मोजा. भोकं असलेल्या दगडात काकवी आत शिरते, म्हणून एस-लहरीची मोजणी सर्वांत शेवटी घ्या. काकवी गरम पाण्याने धुतली तरी त्या टोकाचं वजन नंतर भरवशाचं राहत नाही.

यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. यंत्र ठरावीक उंचीची पहिली लाट दिसली की घड्याळ थांबवतं. भेगाळलेल्या दगडात पहिली लाट इतकी क्षीण असते की यंत्र तिला ओलांडून दुसरी पकडतं. झिजक्या काळवथराच्या एका कोरला यंत्राने शून्य वजा जाता ३५.२ मायक्रोसेकंद दाखवले होते. लहरीचं चित्र मोठं करून पाहिल्यावर सुरुवात, त्याच हिशेबाने, ३३.३ ला दिसली. चित्राची फाइल मागून घ्या, नुसता तक्ता नको.

मग भिजवणं. नुसतं बादलीत ठेवून दगड आतपर्यंत भरत नाही. पाण्याखाली ठेवून व्हॅक्यूम लावतात, बुडबुडे थांबेपर्यंत. आमचा पंप जानेवारीच्या शेवटी बिघडला आणि सुटा भाग यायला २३ दिवस लागले. त्या काळात करण्यासारखं काही नव्हतं. घाई करून अर्धवट भिजलेला दगड मोजणं सगळ्यांत वाईट. पाणी बरंच भरलं तरी थोडी हवा शिल्लक असेल तर पी-लहरीचा वेग वाढत नाही, आणि अगदी शेवटची हवा निघाली की एकदम उडी मारतो. त्यामुळे कोर पाण्यातून काढल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा आणि दोन मिनिटांच्या आत मोजायचा.

सच्छिद्रता त्याच वेळी निघते. जांभ्याच्या एका छोट्या तुकड्याचं कोरडं वजन ४७८.६ ग्रॅम, भिजलेलं ५६४.२, पाण्यात लटकवून ३१२.४. भिजलेलं वजा कोरडं, ८५.६. भिजलेलं वजा लटकवलेलं, २५१.८. भागाकार ३४ टक्के. पाणी शोषण वजनाच्या जवळजवळ १८ टक्के. बांधकामाच्या जांभ्यासाठी भारतीय मानकात, आयएस ३६२० मध्ये, मर्यादा १२ टक्क्यांची आहे. हा चिरा बांधकामाला बाद.

या सगळ्या खटाटोपाचा गाभा मार्चमध्ये हाती आला. झिजक्या काळवथराचा कोर कोरडा असताना पी-लहरीचा वेग ३,३०० होता, भिजवल्यावर ४,१५०. नुसता वेग पाहणारा म्हणेल, दगड सुधारला. त्याच ठोकळ्याचे जोडीचे कोर प्रेसमध्ये फोडले: कोरडा ४८ मेगापास्कलला फुटला, भिजलेला २९ ला. वेग पाव हिश्शाने वाढला आणि ताकद चाळीस टक्क्यांनी घटली. पाणी भेगेत बसलं की ते दाबलं जात नाही, म्हणून दाबाची पी-लहर भेग नसल्यासारखी पार जाते. पण भेग तिथेच असते. पाणी तिच्या टोकाशी सिलिका-ऑक्सिजनचे बंध सैल करतं, चिकणमाती फुगवतं आणि फुटणं सोपं करतं. एस-लहर मात्र फसत नाही. पाण्याला आडवा ताठरपणा नसतो, त्यामुळे कोर भिजल्यावरही तिचा वेग जवळपास जागच्या जागी राहिला. पी आणि एस वेगांचं गुणोत्तर कोरडं असताना १.६ च्या खाली होतं, भिजल्यावर ते १.९ वर गेलं. म्हणून दोन्ही लहरी आणि दोन्ही अवस्था हव्यातच. चारातला एक आकडा कमी करून पैसे वाचवू नका.

जांभ्याने वेगळंच दाखवलं. कोरडा २,१५०, भिजलेला २,०६०. इथे पाण्याने वेग वाढला नाही. दगड वजनाला जड झाला आणि भोकांमधली चिकणमाती मऊ पडली, त्यामुळे थोडा घटलाच. ताकद ४.१ वरून २.६ वर आली. त्याच मानकात चिऱ्याची किमान ताकद ३.५ मेगापास्कल मागितली आहे, हे शेजारी ठेवून पाहा.

नाइसचे कोर आणले ते भेगा मुद्दाम वाढवत नेण्यासाठी. त्यात क्वार्ट्झ असतं, आणि ५७३ अंशांना क्वार्ट्झची स्फटिकरचना बदलून ते एकदम फुगतं, शेजारचे कण उचकटतात. काळवथरात क्वार्ट्झ जवळजवळ नसतं आणि कण बारीक असतात, म्हणून तो तापवून तितका फाटत नाही. मिनिटाला दोन अंश या गतीने तापवलं, दोन तास थांबवलं आणि भट्टी बंद करून आतच थंड होऊ दिलं. दार उघडून थंड केलं तर झटक्याने पडणाऱ्या भेगा मिसळतात. २०० अंशांना फरक थोडा, ४०० ला स्पष्ट, ६०० नंतर कोरडा वेग ५,२०० वरून २,३०० वर. एवढं होऊनही सच्छिद्रता दोन टक्क्यांच्या आतच होती. ६०० चा कोर हातात घेतला तर दिसायला अगदी साबूत, थोडा गुलाबी झालेला, आणि नखाने टिचकी मारली तर बद्द आवाज.

फोडण्याची चाचणी करताना एक गोष्ट पाहून घ्या. काँक्रीटच्या कामावरचं प्रेस मिनिटाला १४ मेगापास्कल, म्हणजे सेकंदाला ०.२३ च्या आसपास चालवायची सवय असते. दगडाला सेकंदाला ०.५ ते १ मेगापास्कल धरतात. ५४ मिलिमीटरच्या कोरला ०.५ म्हणजे सेकंदाला १.१५ किलोन्यूटन. चालवणाऱ्याला हा शेवटचा आकडाच द्या. ताजा काळवथर १६० मेगापास्कलला, साडेतीनशे किलोन्यूटनच्या पुढे फुटतो, आणि फुटताना स्फोट होतो. जाळीचं दार लावल्याशिवाय आणि चष्मा घातल्याशिवाय जवळ उभं राहायचं नाही.

एका कोरवर फोडता फोडताच लहर मोजली. बाजूला समोरासमोर दोन चपट्या पट्ट्या घासून घेतल्या, ट्रान्सड्यूसर सायकलच्या ट्यूबच्या रबराने बांधले. आडव्या दिशेची वेळ सुरुवातीला १०.० मायक्रोसेकंद होती. अर्ध्या भारापर्यंत हलली नाही. साठ टक्क्यांनंतर सरकू लागली, नव्वद टक्क्यांना ११.३, म्हणजे वेग साडेअकरा टक्के कमी. भाराच्या दिशेला समांतर नव्या भेगा उघडत होत्या आणि आडवी लहर त्यांनाच आपटत होती. तीच लहर उभी मोजली असती तर यातलं फारसं दिसलं नसतं. आणखी एक लक्षात आलं: वेळ सरकायच्या आधीच लहरीची उंची खचू लागली होती. म्हणून उंचीही नोंदवायला सांगा, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. भेगा उघडून दगड फुटण्याआधी फुगतो हे ब्रेस, पॉल्डिंग आणि शोल्झ या संशोधकांनी १९६६ मध्ये मांडलं होतं. त्यावरून सत्तरच्या दशकात पी आणि एस वेगांच्या गुणोत्तरावरून भूकंपाचं भाकीत करण्याची मोठी आशा निर्माण झाली, पण जमिनीवर ती टिकली नाही. मंदावणं मात्र खरं असतं. कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला २००४ च्या भूकंपानंतर कवचातला वेग किंचित, टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी घटला आणि मग हळूहळू वर्षांच्या हिशेबाने भरून येत गेला, हे नोंदवलं गेलंय. वाशिष्ठीत ज्या कोयनेचं पाणी उतरतं, तिथे ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात काय झालं हे चिपळूणकडच्या वडीलधाऱ्यांना विचारावं लागत नाही. घाटापलीकडच्या त्याच बेसॉल्टमध्ये आणि त्याखालच्या ग्रॅनाइटी पायाखडकात, भेगांमधून पाणी झिरपत असलेल्या दगडाचा हाच प्रश्न मोठ्या मापावर आहे.

एप्रिलमध्ये उतारावर सर्वेक्षण झालं, आणि प्रयोगशाळेच्या आकड्यांचं मोल तिथे कळलं. सड्यावरच्या थराचा जमिनीतला वेग १,१५० आला, प्रयोगशाळेत जांभ्याचा २,१५०. दोहोंच्या गुणोत्तराचा वर्ग, जो अखंड कातळात १ च्या जवळ असतो, इथे ०.२९. म्हणजे हातातला चिरा ठीक आहे, पण कातळ सांध्यासांध्यांतून सुटलेला आहे. एक जपून: प्रयोगशाळेत सेकंदाला हजारो-लाखो कंपनांची लहर, जमिनीवर सेकंदाला काही दहा कंपनांची. भिजलेल्या दगडात वेगवान कंपनांच्या वेळी पाण्याला भेगेतून सरकायला वेळ मिळत नाही, म्हणून प्रयोगशाळेचा आकडा मुळातच जरा चढा असतो. हे गुणोत्तर कोरड्या आकड्यांवरून काढलेलं बरं.

रिफ्रॅक्शनने, म्हणजे खालच्या थराच्या माथ्यावरून वळून परत येणाऱ्या लहरींची वेळ मोजून खोली काढायच्या पद्धतीने, काळवथर २० मीटरवर दाखवला. त्याआधारे अहवाल लिहायला घेतला होता. पण बोअर घेतल्यावर काळवथर १४ मीटरवरच लागला, आणि वरच्या ६ मीटर जांभ्याखाली ८ मीटर चिकण माती निघाली. वेगवान थराखाली मंद थर असेल तर त्याच्या माथ्यावरून लहर परत वर येतच नाही. ती पद्धत त्या थराला पाहूच शकत नाही, आणि त्याच्यात गेलेला वेळ वरच्या थराच्या जाडीत मोजते. मातीच्या नमुन्याचा वेग मोजला, सुमारे ७०० आला. हिशेबात ६ मीटर १,१५० ने, ८ मीटर ७०० ने धरले की वेळ जवळपास जुळली. मग पृष्ठलहरींची चाचणी, जिला सगळे मास्क म्हणतात, ती घेतली. ती एस-वेगावर चालते, तिच्यात मधला मऊ थर दिसला. कोकणच्या सड्यावर कुणी नुसतं रिफ्रॅक्शन करून देतो म्हणालं तर मान्य करू नका. आधी एक बोअर, त्यातले नमुने प्रयोगशाळेत, मग सर्वेक्षण. आम्ही हा क्रम उलटा केला आणि त्यात महिना आणि ३८,००० रुपये जास्त गेले.

प्रयोगशाळेचं बिल करांसह ७१,४०० झालं, परत मोजून घ्यावे लागलेले आठ आकडे धरून. अंतिम अहवाल २२ मे रोजी आला. न फोडलेले नऊ कोर परत मागितले होते. न मागितले तर ते तीन महिन्यांनी टाकून देतात. आता ते त्याच आंब्याच्या पेट्यांत आहेत, प्रत्येकावर दिशेचा बाण, कोरडं वजन आणि शून्य वजा केलेली वेळ लिहून. जांभ्याचे दोन घन मात्र पेटीत ठेवले नाहीत. सड्यावर उताराच्या कडेला खुणेचा दगड करून ठेवलेत. पाऊस सरला की वाळवून, त्याच ५४ किलोहर्ट्झच्या ट्रान्सड्यूसरने, त्याच दोन बाजूंमधून मोजायचे.